गीझर बसवायचा कोणी?

थंडी पडू लागली की न्हाणीघरातल्या गीझरची आठवण होते, आणि नेमका त्याच वेळी तो तळातून ठिबकताना दिसतो. टाकीच गंजून भोक पडले असेल तर दुरुस्तीला अर्थ नसतो. गीझर बदलावाच लागतो. मग घरात वाद सुरू होतो. दोन नळ्या, दोन बोल्ट आणि एक प्लग, एवढाच तर मामला! त्याला कारागीर कशाला? हा वाद आपण पदार्थविज्ञानाच्या मदतीने सोडवून पाहू. कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारा: येथे चूक झाली तर ती आपल्याला कळेल का?

नळ्यांची जोडणी घ्या. सांधा सैल राहिला तर पाणी गळेल आणि लगेच दिसेल. थंड व गरम नळ्यांची अदलाबदल झाली तर थंड पाणी वरच्या गरम थरात मिसळेल आणि दोन तांब्यांतच कोमट पाणी येऊ लागेल. टाकी भरण्यापूर्वीच बटण दाबले तर एलिमेंट जळेल. यात पैसे जातील, पण चूक लपून राहणार नाही. घरातल्या हात चालणाऱ्या मोठ्या माणसाने ही कामे खुशाल करावीत. तुम्ही पान्हा धरा.

आता विजेकडे वळू. समजा, गीझर 15 लिटरचा आणि 2000 वॅटचा आहे. 25 अंश सेल्सिअसचे पाणी 60 अंशांपर्यंत तापवायला 15 × 4200 × 35, म्हणजे सुमारे 22 लाख ज्यूल उष्णता लागेल. दर सेकंदाला 2000 ज्यूल, तेव्हा 1100 सेकंद, म्हणजे साधारण 18 मिनिटे. या साऱ्या हिशेबात अर्थिंग कोठे आले? कोठेच नाही! सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह फेजमधून येतो व न्यूट्रलमधून परत जातो. अर्थिंगची तार जोडलेली असो वा नसो, पाणी 18 मिनिटांतच तापते. येथली चूक वर्षानुवर्षे गप्प बसून राहते.

ती बोलते कधी? एलिमेंट म्हणजे धातूच्या नळीत बसवलेले नायक्रोमचे वेटोळे. दोहोंमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची विद्युत्‌रोधक भुकटी असते. बोअरच्या दुष्फेन पाण्यामुळे नळीवर क्षारांचे कवच चढते, नळी जास्त तापते आणि एखाद्या दिवशी तडकते. मग टाकी, नळ आणि बादलीत पडणारे पाणी यांच्यात वीज उतरते. ओल्या शरीराचा रोध 1000 ओहम धरला तर 230 व्होल्टला 0.23 अँपिअर प्रवाह वाहतो. हृदयाचे ठोके बिघडवायला याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. पण 16 अँपिअरच्या एम.सी.बी.ला त्याची दादही लागत नाही. म्हणून 30 मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. हवी, आणि अर्थिंगही हवेच. 6 अँपिअरच्या सॉकेटला गीझर जोडणारे महाभागही असतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा त्या जोडणीत नेमून दिलेल्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता निर्माण होते.

दुसरी गप्प चूक पाण्याच्या बाजूला आहे, आणि मला तीच अधिक भयंकर वाटते. 25 अंशांवरून 60 अंशांवर जाताना 15 लिटर पाणी सुमारे 200 मिलिलिटरने, म्हणजे मोठ्या कपभर, प्रसरण पावते. थंड पाण्याच्या नळीवर बसवलेली सुरक्षा-झडप पाण्याला मागे जाऊ देत नाही, म्हणून हे जादा पाणी तिच्या बारीक तोंडातून ठिबकते. ते ठिबकणे सदोष नव्हे, आवश्यक आहे. तरी कटकट नको म्हणून कित्येक जण त्या तोंडाला बूच मारतात! थर्मोस्टॅट आणि त्यामागचा कट-आउट शाबूत असले तरी प्रसरणामुळे टाकीतला दाब धोकादायक रीतीने वाढतो. ते दोन्ही अडकले तर बंद टाकीतले पाणी 100 अंशांना उकळत नाही. दाब 8 वातावरणांइतका झाला की उत्कलनबिंदू 170 अंशांपर्यंत चढतो. अशी टाकी फुटली तर क्षणार्धात सुमारे 2 किलो पाण्याची वाफ होते, आणि ती 3300 लिटर जागा मागते. तुमच्या न्हाणीघराची लांबी, रुंदी व उंची मोजून हा आकडा ताडून पाहा.

तेव्हा झडप आणि वीज ही कामे जाणकाराची. नवी तार ओढायची असेल तर ती परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच ओढून घ्यावी, असा नियमही आहे. मात्र माणूस बोलावला म्हणजे झाले, असे नाही. घाईत त्याच्याही हातून गप्प चुका होतातच. त्याने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून ‘230 दाखवतोय, अर्थिंग उत्तम’ असे सांगितले तर मान डोलावू नका. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध लक्षावधी ओहम असतो. अर्थिंगचा रोध 1000 ओहम असला तरी काटा तेवढेच दाखवील. आर.सी.सी.बी.वरचे चाचणीचे बटणही अर्थिंगशिवाय काम करते. अर्थिंगचा रोध मोजणारे, त्यातून खरोखर प्रवाह पाठवणारे उपकरण निराळे असते. ते त्याने आणले आहे का, एवढे विचारा, आणि आकडा स्वतः वाचा.