मोटारीचे चाक : मोठे की योग्य?

भोसरीहून पुणे-नाशिक रस्त्याने चाकणकडे जाताना नव्याकोऱ्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रक तुम्ही पाहिले असतील. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन पोलो ही छोटी मोटार २०१० ते २०२२ या काळात अशाच ट्रकांतून गावोगावी गेली. तिचा ‘जी.टी. टी.एस.आय.’ हा चपळ प्रकार २०१३ साली आला. त्याचे इंजिन अवघे १.२ लिटरचे, पण शक्ती १०५ अश्वशक्तीची!

समजा, तुमच्या थोरल्या भावाने साठवलेल्या पैशांतून अशी एक जुनी मोटार घेतली. तिची चाके १५ इंची आहेत. टायरचा दुकानदार म्हणतो, “१७ इंची बसवा, गाडी रुबाबदार दिसेल आणि रस्त्याला चिकटून धावेल.” खर्च मोठा आहे. भाऊ तुम्हाला विचारतो, “तुझे भौतिकशास्त्र काय म्हणते?” काय उत्तर द्याल?

टायरची कुंडली

प्रथम टायरच्या कडेवरचे आकडे वाचा. या मोटारीच्या टायरवर १८५/६० आर १५ असे लिहिलेले असते. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा ६०, अर्थात १११ मिलिमीटर. ‘आर’ हे अक्षर आतील धागे त्रिज्येच्या दिशेने बसवले आहेत, हे सांगते. शेवटचे १५ म्हणजे आतल्या धातूच्या रिमचा व्यास, तोही इंचांत!

आता संपूर्ण चाकाचा व्यास काढू. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. वर आणि खाली १११ मिलिमीटरची भिंत. एकूण ६०३ मिलिमीटर. याच पोलोच्या साध्या प्रकाराला १७५/७० आर १४ हे टायर होते. त्याचा व्यास तुम्हीच काढा. उत्तर सुमारे ६०१ मिलिमीटर येईल. रिम एका इंचाने बदलली, पण चाकाचा व्यास जवळजवळ तोच राहिला! अभियंत्यांनी असे का केले असावे?

व्यास बदलला तर?

समजा, रुंदी आणि भिंत तीच ठेवून १७ इंची रिम घेतली. व्यास होईल सुमारे ६५४ मिलिमीटर, म्हणजे शेकडा ८ हून अधिक वाढ. असे चाक पंख्याला घासण्याची भीती आहेच. पण समजा, ते बसले. चाक एका फेऱ्यात आता अधिक अंतर कापील. वेगदर्शक मात्र फेरेच मोजतो. त्याला चाक बदलल्याचा पत्ता नसतो. त्याच्या हिशेबाने ताशी ६० किलोमीटर वेग असताना मोटार प्रत्यक्षात ६५ ने धावत असेल.

दुसरा परिणाम जोराचा. इंजिन चाकाला फिरवते, तेव्हा रस्त्यावर मिळणारे बल काढण्यासाठी बलाघूर्णाला चाकाच्या त्रिज्येने भागावे लागते. त्रिज्या शेकडा ८ ने वाढली, तर बल जवळजवळ तेवढेच घटते. म्हणजे पैसे खर्चून आपण चपळ मोटार मंद केली! म्हणून रिम मोठी घ्यायची, तर टायरची भिंत बुटकी करून बाहेरचा व्यास सांभाळावा लागतो. २०५/४० आर १७ या टायरने हे साधते. व्यास येतो सुमारे ५९६ मिलिमीटर. पण भिंत १११ वरून ८२ मिलिमीटरवर येते.

बुटक्या भिंतीचे गुणदोष

दुकानदाराचे म्हणणे अगदीच खोटे नाही. बुटकी भिंत वळणावर कमी वाकते, त्यामुळे मोटार सुकाणूचा हुकूम झटकन पाळते. शर्यतीच्या गुळगुळीत वाटेवर हा मोठाच लाभ आहे.

मग ‘चिकटून धावण्या’चे काय? माणसांसह मोटारीचे वजन १२०० किलो धरले, तर एका चाकावर सरासरी ३०० किलो भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो असतो. ३०० ला २.३ ने भागा. उत्तर येते सुमारे १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण तुमच्या पंजाएवढी जागा! अशा चार पंजांवर सारी मोटार धावते आणि थांबते. टायर रुंद केला, पण भार आणि दाब तेच ठेवले, तर हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. पंजा फक्त आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचले, की रुंद टायरला ते बाजूला सारणे उलट अवघड जाते.

आता खड्ड्याचा विचार करा. वेगवान चेंडू झेलताना क्रिकेटपटू हात मागे घेतो. तीच ऊर्जा जास्त अंतरात शोषली, की बल कमी लागते. टायरमधील हवा हेच करते. भिंत बुटकी झाली, की हे अंतर घटते आणि खड्ड्याची कड थेट रिमवर आदळू शकते. रिम वाकते, टायरच्या भिंतीतले धागे तुटून तिथे फुगा येतो. असे टायर वेगात असताना फुटले तर काय होईल, हे सांगायला नकोच. चाकणच्या अवजड वाहतुकीच्या रस्त्यांवर पावसाळ्यात कड लपवणारे खड्डे असतातच!

शिवाय वजन. फिरणाऱ्या चाकाच्या परिघाजवळचा प्रत्येक किलो पुढे तर सरकतोच, शिवाय गोल फिरतो. त्यामुळे त्याला वेग देण्यास जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. रिम जड असेल, तर ही किंमत प्रत्येक सिग्नलला मोजावी लागते.

भावाला काय सांगाल?

सांगा, की आपल्या रस्त्यांसाठी १५ इंची चाकेच उत्तम. फारच हौस असेल, तर १९५/५० आर १६ चा विचार होऊ शकतो. त्याचा व्यास सुमारे ६०१ मिलिमीटर आणि भिंत साडेसत्त्याण्णव मिलिमीटर. मात्र उत्पादकाने मान्य केलेल्या आकारांची यादी आधी पाहावी. ती बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाआड चिकटवलेली असते. टायरवरील भारांकही मूळच्यापेक्षा कमी नसावा. ८४ हा भारांक एका टायरला ५०० किलोची परवानगी देतो. वाचलेल्या पैशांत चार चांगले नवे टायर येतील. ते पंजे अधिक मोलाचे!

आणि एक प्रयोग करा. उभ्या सायकलच्या टायरवर आणि त्याखालच्या जमिनीवर खडूने खूण करा. सायकल सरळ ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि कापलेले अंतर मोजा. मग टायरमधील थोडी हवा सोडून, सायकलवर एकाला बसवून पुन्हा मोजा. दोन्ही अंतरे सारखी येतात का? आली नाहीत, तर का, याचा विचार करा.