सक्तीचा मोटार विमा आणि त्याचे कायदेशीर पर्याय : नेर परिसराच्या संदर्भात

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या वाहनास त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा विमा आवश्यक आहे. हा विमा टाळण्याचा कायदेशीर मार्ग आहे काय, या प्रश्नाचे उत्तर नेर (जि. यवतमाळ) येथील एस. टी. आगारातच मिळते.

सदर कलमाच्या पोटकलम (३) नुसार स्थानिक प्राधिकरण व राज्य परिवहन उपक्रम यांच्या वाहनांना शासन आदेशाद्वारे सूट देऊ शकते. मात्र भरपाई देण्यासाठी स्वतंत्र निधी असला पाहिजे. म्हणजे जोखीम नाहीशी होत नाही, ती फक्त विमा कंपनीकडून मालकाकडे येते. मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे महामंडळ मालक या नात्याने स्वतःच उत्तरदायी ठरते.

हा मार्ग नेर-नबाबपूर नगरपरिषदेसही तत्त्वतः खुला आहे. परंतु तो परवडेल काय? समजा, दरमहा १५,००० रुपये मिळविणारा, तीन अवलंबित असलेला ३० वर्षांचा स्वयंरोजगारी तरुण अपघातात दगावला. सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या निर्णयांतील सूत्रानुसार वार्षिक १,८०,००० रुपयांत भावी वाढीचे ४० टक्के मिळविले, स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला आणि १७ ने गुणले की केवळ अवलंबित्वाची हानी २८,५६,००० रुपये होते. शेकडो गाड्यांवर विभागला जाणारा हा भार मोजक्या वाहनांच्या संस्थेस पेलणे कठीण आहे.

१९३९ च्या अधिनियमात वाहतूकदारांच्या सहकारी संस्थांना विमा व्यवसायाची मुभा देणारी तरतूद होती. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात तिचा विचार व्हावयास हवा होता. पण १९८८ च्या अधिनियमात ती राहिली नाही.

खासगी मोटारमालकास मात्र पर्याय नाही. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असल्याने तो वगळून केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा घेता येतो, एवढीच काय ती काटकसर. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ५०० डॉलर शुल्क भरून विनाविमा वाहन चालविता येत असे; ती सवलतही १ जुलै २०२४ पासून बंद झाली.

विनाविमा वाहनास पहिल्या अपराधासाठी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. बहुतेकांना हा दंडच तेवढा ठाऊक असतो. प्राधिकरणाने मंजूर केलेली रक्कम कलम १७४ अन्वये जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, आणि नेर तालुक्यातील कास्तकाराच्या बाबतीत तिचा अर्थ बहुधा त्याचे शेत असाच असतो.