ध्वनिमुद्रिका-संग्रह, भावगीतांचा
मराठी भावगीते ज्या दर मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर मुद्रित झाली, त्या तबकड्या पद्धतशीरपणे मिळविण्याचा, ओळखण्याचा व जपण्याचा छंद. भावगीत हे बहुधा मध्यलयीतले किंवा त्याहून संथ, एकाच भावावस्थेभोवती गुंफलेले आणि शब्दार्थाला प्राधान्य देणारे गीत होय. तानांची करामत किंवा ठेक्याचा जोर यांपेक्षा उच्चार, स्वराचा लगाव आणि ओळीतील विराम यांवर त्याचा परिणाम अवलंबून असतो. ह्या गोष्टी कागदावर लिहिता येत नाहीत. कविता पुस्तकात राहते, चाल स्वरलिपीत काही अंशी राहते. परंतु प्रत्यक्ष गायन केवळ मुद्रिकेतच राहते. म्हणून वरकरणी हौस वाटणारा हा छंद संगीताच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन ठरला आहे.

पार्श्वभूमी : टॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला, त्यात ध्वनी नळकांड्यावर मुद्रित होत असे. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीची पद्धत शोधून काढली. एका साच्यावरून अनेक तबकड्या दाबून काढता येऊ लागल्याने गाणे ही विक्रीची व त्याबरोबरच संग्रहाची वस्तू बनली. फ्रेड गैसबर्ग ह्या तंत्रज्ञाने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्ता येथे भारतातील पहिले मोठे ध्वनिमुद्रण-सत्र घेतले व त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले. त्या काळी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कामगारांना गायक ओळखता यावा म्हणून गाण्याच्या अखेरीस नाव सांगण्याची प्रथा पडली. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना सुरू झाल्यावर तबकड्यांचे उत्पादन देशात होऊ लागले.

मुद्रणाचे महत्त्व काय, हे मराठी रंगभूमी व संगीत यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते. भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांचे निधन कलकत्त्यातील सत्रापूर्वी झाल्याने त्यांचा आवाज केवळ वर्णनांतून कळतो. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) व अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे मुद्रणाच्या काळात होऊन गेले, तरी त्यांची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. याउलट केशवराव भोसले, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांचे गायन आज ऐकता येते ते तबकड्यांमुळेच.

भावगीत आणि तबकडी : १० इंची (सु. २५ सेंमी.) तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. मैफलीतील ख्यालाला किंवा रंगभूमीवर अनेकदा ‘वन्समोर’ घेणाऱ्या पदाला ही मर्यादा जाचक होती. त्यांचा संक्षेपच करावा लागे. भावगीताला मात्र ती मानवली. ध्रुवपद, दोन-तीन कडवी आणि मध्ये वाद्यांचे छोटे तुकडे हा आकृतिबंध तबकडीच्या मापातच घडत गेला. त्यामुळे भावगीताची तबकडी हा मोठ्या गायनाचा तुकडा नसून ती स्वयंपूर्ण कलाकृती असते.

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन्. जोशी (१९०९–९४) यांनी गायिली. तिची १९३२ च्या सुमारास निघालेली ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची ध्वनिमुद्रिका ही भावगीताच्या ध्वनिमुद्रित परंपरेचा आरंभ मानली जाते. शिक्षणाने वकील असलेले जोशी पुढे ह्याच कंपनीत दीर्घकाळ ध्वनिमुद्रण-अधिकारी होते. त्यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आत्मपर पुस्तक ह्या व्यवसायाच्या माहितीसाठी उपयुक्त आहे. त्यानंतरच्या तीन दशकांत ज्योत्स्ना भोळे, गजाननराव वाटवे, माणिक वर्मा, मालती पांडे, सुधीर फडके इत्यादींच्या तबकड्या घरोघरी गेल्या. वसंत प्रभूंचे संगीत व पी. सावळाराम यांची गीते ह्यांनी १९५० नंतरचा काळ गाजविला. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’बरोबरच कोलंबिया, ओडियन आणि मुंबईची ‘यंग इंडिया’ (१९३५–५५) ही छापे संग्राहकांच्या परिचयाची आहेत.

चावीच्या ग्रामोफोनला विजेची आवश्यकता नव्हती. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या कापूसपट्ट्यातील, वीज नसलेल्या गावीही मुंबई-पुण्यात मुद्रित झालेले गाणे जसेच्या तसे ऐकणे शक्य झाले. तबकडीचे द्रव्यही विदर्भाला परके नाही. तिच्यातील बंधक पदार्थ म्हणजे लाख. ती पळस, बोर, कुसुंब ह्या वृक्षांवरील लाखेच्या किड्यापासून मिळते. लाखेत खनिज भुकटी, काजळी व तंतू मिसळून तबकडी बनवीत. दुसऱ्या महायुद्धात लाखेच्या टंचाईमुळे अमेरिकेत व ब्रिटनमध्ये जुन्या तबकड्या गोळा करून, दळून नव्यासाठी वापरल्या गेल्या आणि अनेक गाण्यांच्या प्रती अशा रीतीने नाहीशा झाल्या.

संग्रहाचा उगम : १९६० नंतर व्हिनाइलची लाँग प्ले तबकडी व पुढे ध्वनिफीत यांचा प्रसार झाला, तेव्हा ७८ फेऱ्यांच्या तबकड्या घरांत अडगळ ठरल्या. जड, ठिसूळ आणि नव्या यंत्रावर न वाजणाऱ्या तबकड्या मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात व भंगारात जाऊ लागल्या. ह्याच अवस्थेत संग्राहकांचे कार्य सुरू होते. कंपन्यांनी लोकप्रिय गीतांची निवड करून ती नव्या माध्यमांत पुन्हा काढली. परंतु ज्यांची निवड झाली नाही अशी गीते जुन्या तबकडीवरच राहिली. त्यांचे सर्व मूळ साचेही जपले गेले नाहीत. परिणामी एखाद्या गीताची शिल्लक असलेली तबकडी हीच त्याची मूळ प्रत ठरते. गाजलेल्या गीताच्या मागील बाजूवरील अप्रसिद्ध गीत, एक-दोन तबकड्यांनंतर मुद्रणातून बाहेर गेलेला गायक किंवा परिचित कवितेची निराळी चाल यांचे संग्राहकांना विशेष आकर्षण असते, ते ह्यामुळेच.

एकाच रचनेची भिन्न रूपे पडताळण्यासही संग्रह उपयोगी पडतो. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसृत झाले, तेव्हा त्यातील ५६ गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे इ. अनेक गायकांनी गायिली होती. पुढे सर्वत्र पसरलेला ध्वनिमुद्रिकांचा संच मात्र एकट्या फडके यांच्या आवाजातील आहे. केवळ संच ऐकणाऱ्यास मूळ योजनेची कल्पना येत नाही.

ओळख व जतन : तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदी लेबलावर गायकाचे नाव, गीताची पहिली ओळ व विक्रीचा क्रमांक असतो. कवी किंवा संगीतकार यांचे नाव पुष्कळदा नसते. लेबलालगत लाखेवरच उमटलेला साचा-क्रमांक अधिक विश्वसनीय होय. विक्रीचा क्रमांक बदलून तीच तबकडी पुन्हा काढली असल्यास साचा-क्रमांकावरून ते कळते आणि तेच गीत नव्याने गाऊन मुद्रित केले असल्यास तेही उघड होते. काही लेबलांवर गायकाच्या नावापुढे ‘हौशी’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द आढळतो. गाणे हा पेशा नसलेल्या, सुशिक्षित घरांतील स्त्री-पुरुषांना मुद्रणासाठी प्रतिष्ठा कशी शोधावी लागत होती, ह्याचा तो पुरावा आहे. कंपन्यांच्या मासिक याद्या व गीतांच्या शब्दांसह छापलेल्या पुस्तिका ह्याही संग्रहाचा भाग असतात.

वादनात दक्षता न घेतल्यास ऐकण्याची क्रियाच तबकडी झिजविते. पोलादी सुई प्रत्येक बाजूस बदलावी लागते. विद्युत् यंत्रावर ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी सु. ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. लाँग प्लेची सुई सु. २५ मायक्रॉनची असल्याने ती रुंद खोबणीच्या तळाशी घासते व खरखर वाढते. विद्युत् ध्वनिमुद्रण १९२५ नंतर रूढ झाले. त्यापूर्वीच्या तबकड्यांची गती नेमकी ७८ नसते. चुकीच्या गतीने वाजविल्यास गायकाची पट्टी व लय दोन्ही बदलतात आणि मध्यलयीचे गीत द्रुत वाटू लागते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, त्यांची रास करू नये. दमटपणामुळे बुरशी चढते. लाख अल्कोहॉलमध्ये विरघळत असल्याने स्पिरिटने त्या पुसणे घातक ठरते.

अन्य देशांतील समांतर उदाहरण : उत्तर इंग्लंडमध्ये १९६० नंतरच्या दशकात अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीतातील दुर्मिळ तबकड्यांचा असाच छंद रुजला. मँचेस्टरचे ‘ट्विस्टेड व्हील’ व विगन येथील ‘कॅसिनो’ (१९७३–८१) ही त्याची प्रसिद्ध केंद्रे होत. तेथे रात्रभर नृत्य चाले व त्यामुळे जलद ठेक्याच्या गीतांना मागणी असे. १९८० नंतर स्टॅफर्ड येथील मेळाव्यांतून मध्यलयीच्या व संथ, आर्त गीतांकडे संग्राहकांचे लक्ष वळले. नृत्याची गरज मागे पडताच गायकाचा आवाज व गीताचा आशय पुढे आला, असा ह्या रुचिपालटाचा अर्थ लावता येतो. ह्या छंदात तबकडी-वादक प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून लेबलावर कागद चिकटवून गीताला खोटे नाव देत. दुर्मिळतेमुळे किंमतीही वाढल्या : फ्रँक विल्सनची १९६५ मधील एक तबकडी २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून अधिक किंमतीस विकली गेली. मराठी भावगीताच्या संग्रहाला नृत्याची पार्श्वभूमी नाही व एवढा बाजारही नाही. परंतु दुर्मिळता हेच मूल्य मानण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच संभवतो. ज्याची एकच प्रत उरली ते गीत श्रेष्ठच असेल असे नाही. तसेच माहिती दडवून ठेवली, तर तबकडी टिकूनही गीत हरवलेलेच राहते.

संस्था व कायदा : माहितीच्या देवाणघेवाणीचा मार्ग १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ह्या संस्थेने अवलंबिला. भौतिकीचे अभ्यासक सुरेश चांदवणकर व ऑस्ट्रेलियातील सूचिकार मायकेल किनिअर यांचा तिच्या उभारणीत प्रमुख वाटा आहे. संस्थेच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ ह्या नियतकालिकातून गायक, कंपन्या व साचा-क्रमांक यांविषयी पुष्कळ सामग्री प्रसिद्ध झाली. किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या भारतातील आरंभीच्या ध्वनिमुद्रणांची तयार केलेली सूची १९९४ मध्ये मुंबईहून प्रकाशित झाली.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ व त्याची १९९२ मधील दुरुस्ती यांनुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या काळातील बहुतेक मुद्रणांवरील हा हक्क आता संपला आहे. कवीचा हक्क मात्र त्याच्या निधनानंतर ६० वर्षे असतो, भा. रा. तांबे (मृत्यू १९४१) यांच्या कवितांवरील हक्क संपला, तर माडगूळकरांच्या (१९१९–७७) गीतांवरील चालू आहे. अंकीय रूपांतर करून गीते सर्वांसाठी खुली करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

मूल्यमापन : सार्वजनिक ग्रंथालयांनी छापील पुस्तकांचे जे कार्य केले, ते मराठी ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत प्रामुख्याने खाजगी व्यक्तींनी स्वखर्चाने केले आहे. त्यातच ह्या संग्रहांचा कमकुवतपणाही आहे. संग्राहकाच्या पश्चात वारसांना तबकड्यांचे महत्त्व ठाऊक नसल्यास संग्रह पुन्हा भंगारात जातो आणि सूची केलेली नसल्यास काय गेले हेही कळत नाही. म्हणून साचा-क्रमांकासह सूची, योग्य गतीने केलेले रूपांतर आणि मूळ तबकडी एखाद्या संस्थेकडे सुपूर्द करणे ही संग्राहकाच्या कार्याची तीन आवश्यक अंगे मानली पाहिजेत. त्यांच्या अभावी संग्रह हा केवळ साठा राहतो. त्यांच्यामुळे तो पुढील पिढीला ऐकता येण्याजोगा इतिहास बनतो.