‘श्रिंक’ : एका शब्दाची कुळकथा

इंग्रजी उताऱ्यांत ‘श्रिंक’ हा शब्द दिसला, कीं आमचे पुष्कळ विद्यार्थी ‘आटणें’ हा एकच अर्थ लिहून मोकळे होतात. सदरा धुतल्यावर आटतो, तेथें तो शोभतो. पण ‘शूर पुरुष कर्तव्यापासून श्रिंक होत नाहीं’ या वाक्यांत शूर पुरुषास आटविलें, तर हंसेंच होईल! म्हणून या शब्दाचें मूळ पाहूं.

हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ‘श्रिंकन’ असें क्रियापद होतें. सुकून सुरकुतणें, अवयव आंत ओढून घेणें, हा त्याचा अर्थ. भय वाटलें कीं अंग चोरलें जातें. त्यावरून पुढें ‘कचरणें, माघार घेणें’ हा मनाचा अर्थ निघाला. विसाव्या शतकांत अमेरिकेंत मानसोपचारतज्ज्ञांस थट्टेनें ‘डोकें आकसविणारे’ म्हणूं लागले. दक्षिण अमेरिकेंतील शुआर लोक पूर्वीं शत्रूचें मस्तक आकसवून ठेवीत, त्यावरून हें नांव पडलें. आणि तें तोडून पुन्हां ‘श्रिंक’ उरलें!

आपली भाषा येथें अधिक धनवान् आहे. कापड आटतें, थंडीनें अंग आखडतें, उन्हानें पान सुरकुततें, भयानें मन कचरतें. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला, तेव्हांपासून असे पर्याय आपणांस हाताशीं आहेत. मात्र कोशांतील पहिल्याच शब्दावर थांबूं नये.

‘संकोच’ या आपल्या शब्दाची कथाही अशीच आहे. संस्कृत ‘कुच्’ धातूचा अर्थ आकसणें; पण आज आपण ‘संकोच’ म्हणतों तो बहुधा मनाचा. दोन दूरच्या भाषांनीं शरीराकडे पाहून मनाचें वर्णन केलें, ही मौज नव्हे काय?

आमच्या कोंकणांतील लाजाळूचें झाड सर्वांच्या परिचयाचें आहे. स्पर्श होतांच तिच्या पानांच्या बुडाशीं असलेल्या पेशींतील पाणी सरकतें व पानें मिटतात. परंतु थोड्या वेळानें तीं पुन्हां उघडतात. वर्गांत शंका विचारतांना मन आकसलें, तर विद्यार्थ्यांनीं लाजाळूचें हें दुसरें कामही आठवावें. आणि पालकांनीं घरीं मुलाच्या प्रश्नास हंसून तें पान पुन्हां मिटवूं नये.