विश्लेषण : आमवातावर सुरुवातीलाच तीन औषधे का? ‘कोब्रा’ चाचणी काय सांगते?

सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडलेली, दोन्ही मनगटांना सूज. अशी लक्षणे ‘थंडीमुळे असेल’ म्हणत अंगावर काढली जातात. मात्र ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवातात सांध्यांतील हाडाची झीज लवकर सुरू होऊ शकते आणि झिजलेले हाड सहसा भरून येत नाही. त्यामुळे सुरुवातीचा काळ कळीचा ठरतो. नेदरलँड्स व बेल्जियममधील रुग्णांवर झालेल्या आणि १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोब्रा’ चाचणीने हेच दाखवले.

आधीची पद्धत काय होती?

आधी वेदनाशामके, मग एक औषध, ते पुरले नाही तर दुसरे, अशी पायरी-पायरीने वाटचाल होई. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. वेदनाशामकांनी दुखणे कमी होते, हल्ला थांबत नाही.

चाचणी कशी झाली?

आजार होऊन दोन वर्षेही न झालेल्या १५५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. ७६ जणांना सल्फासॅलाझिन, मेथोट्रेक्सेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळाले. ७९ जणांना केवळ सल्फासॅलाझिन आणि औषधासारख्याच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या मिळाल्या. कोणाला काय मिळते, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासूनही लपवलेले होते. स्टेरॉइड रोज ६० मिलिग्रॅमपासून झपाट्याने ७.५ मिलिग्रॅमवर आणले गेले. २८ आठवड्यांनंतर ते आणि ४० आठवड्यांनंतर मेथोट्रेक्सेट टप्प्याटप्प्याने बंद केले गेले.

निकाल काय लागला?

२८ आठवड्यांनी एकत्रित उपचारांच्या गटात ७२ टक्के रुग्ण सुधारले, तर दुसऱ्या गटात ४९ टक्के. स्टेरॉइड थांबल्यावर दुखणे-सुजेतील हा फरक ओसरला. एक्स-रेतील फरक मात्र टिकला. ८० आठवड्यांनंतरही पहिल्या गटातील सांध्यांची हानी कमी होती. पुढे सुमारे पाच वर्षांच्या पाठपुराव्यातही या गटातील झीज संथ राहिली.

रुग्णांसाठी अर्थ काय?

दुखणे थांबले म्हणजे सांधा वाचला असे नाही. सुरुवातीचे काही महिने हातचे गेले, तर नंतरच्या औषधांनी ते नुकसान भरून निघणे कठीण. सांध्यांची सूज काही आठवडे टिकली, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवणे योग्य.

कोणती काळजी घ्यावी?

आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. उपचारांदरम्यान रक्ततपासण्या आवश्यक असतात. स्टेरॉइड मनाने सुरू करू नये आणि अचानक बंदही करू नये.