मलांगनचे मुखवटे

पॅसिफिक महासागरांतील बेटांवर मुखवट्यांची चाल सर्वत्र सारखी नाहीं. पॉलिनेशियांत ती जवळजवळ आढळतच नाहीं. मायक्रोनेशियांतील मॉर्टलॉक बेटांवर नीरफणसाच्या लांकडाचे मुखवटे करीत, व वादळापासून फळें राखण्याच्या विधींत ते वापरीत. मेलानेशिया मात्र या कलेचें माहेरघर होय. तेथील न्यू आयर्लंड बेटाच्या उत्तर भागांत होणारा ‘मलांगन’ विधि विशेष विचार करण्याजोगा आहे.

मलांगन हें नांव विधीला आहे, तसेंच त्यासाठीं कोरलेल्या आकृतींना व मुखवट्यांनाही आहे. मृताचा अंत्यसंस्कार लवकर उरकतो. परंतु डुकरें, कंदमुळें व शिंपल्यांचें धन जमवून हा विधि करण्यास आप्तांना कित्येक महिने, कधीं वर्षेंही लागतात. नृत्याच्या वेळीं पुरुष ‘ततानुआ’ नांवाचा मुखवटा धारण करतात. चेहरा हलक्या लांकडाचा, रंग तांबडा, काळा व पांढरा, आणि डोळ्यांच्या जागीं समुद्रांतील गोगलगाईच्या शिंपेचें झांकण. माथ्यावरील तुरा पूर्वीं शोककाळीं पुरुष राखीत असत त्या केशरचनेची आठवण देतो.

नृत्याचे मुखवटे कांहीं वेळां पुढील प्रसंगाकरितां राखून ठेवीत. इतर बहुतेक आकृती मात्र विधि आटोपल्यावर कुजण्यासाठीं टाकीत किंवा जाळून टाकीत. एवढे श्रम करून नाश कां करावयाचा? कारण तेथें धन मानतात तें लांकडाला नव्हे, रचनेला. प्रत्येक रचना विशिष्ट कुळाची मालमत्ता असते. ती करविण्याचा हक्क विधीच्या वेळीं डुकरें व शिंपल्यांचें धन देऊन मिळवितां येतो. हक्क घेणारा ती रचना मनांत सांठवितो, आणि स्वतःवर तसा प्रसंग आला म्हणजे कारागिराला तोंडीं सांगून पुन्हा कोरवून घेतो.

१८८४ पासून १९१४ पर्यंत हें बेट जर्मन सत्तेखालीं होतें. त्या काळांत व्यापारी व अधिकारी यांनीं अशा असंख्य आकृती युरोपांत नेल्या. बेटवासीयांनीं त्या सहज विकल्या, कारण एरवींही त्या टाकल्याच जात. आणि वस्तु विकल्यानें रचनेचा हक्क जात नसे.

आज युरोपांतील संग्रहालयांत ते मुखवटे सुरक्षित आहेत. परंतु ते कोणाच्या मृत्यूनिमित्त झाले, कोणत्या कुळाचे होते, हें पुष्कळदां त्यांच्यासोबत नोंदलेलें नसतें. न्यू आयर्लंडवर तीं जुनीं लांकडें उरलीं नाहींत. पण रचना ध्यानांत ठेवणारीं कुळें आहेत, आणि मलांगन विधि तेथें अद्यापि होतात.