धड्याआधी तीन शब्द

नातवाला दवाखान्यात आणलेले आजोबा सांगतात, “डॉक्टर, याला कळते सगळे, पण शब्द सापडत नाही. ‘ते’ आणि ‘हे’ यांवरच भागवतो.” अशा वेळी प्रथम कान तपासून घ्यावेत. कान उत्तम असूनही १०० मुलांपैकी सुमारे ७ मुलांना भाषा आत्मसात करणे कठीण जाते. तो आळस नव्हे, आणि आजीच्या लाडांचा परिणाम तर नव्हेच. वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

शाळेत धडा पुढे सरकतो, मूल मात्र अनोळखी शब्दापाशी अडून राहते. म्हणून पुढील धड्यातील तीनच महत्त्वाचे शब्द बाईंकडून आधी मागून घ्यावेत. समजा, ‘अंकुर’ हा शब्द आहे. मटकी भिजवून मोड आणावेत. मोड म्हणजेच अंकुर, हे मुलाने बोटांनी अनुभवावे. ‘अं-कुर’ असे टाळीवर म्हणावे; बी, मूळ, पान यांच्याशी त्याचे नाते जोडावे. उसळ करताना, कुंडीला पाणी घालताना तोच शब्द सहज पुन्हा यावा, कारण एकदा ऐकून तो रुजत नाही. पाहुण्यांसमोर “सांग पाहू, हे काय?” अशी परीक्षा घेऊ नये. मूल चुकले, तर त्याचेच वाक्य आपण नीट म्हणावे आणि गप्पा पुढे न्याव्यात. तीन शब्द रुळले की बाईंकडे पुढचे मागावेत.